पंधरा वर्षांची ओम्नी: विकायची की पत्रा बदलायचा?

आमच्या मारुती ओम्नी व्हॅनच्या आरसीची मुदत जून २०२४ मध्ये संपणार होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, गाडी २००९ ची. त्यामुळे त्या वर्षी संक्रांतीनंतर घरात रोज तोच विषय. डाव्या सरकत्या दाराखालची पट्टी बोटाने दाबली तरी आत जायला लागली होती. नवऱ्याचं म्हणणं, मुदत आहे तोवर विकून मोकळं व्हावं, नंतर कोणी विचारणार नाही. सासऱ्यांचं म्हणणं, इंजिन एका चावीत चालू होतं तर गाडी विकायची कशाला? गाडी माझ्या नावावर, आणि बहुतेक वेळा चालवतेही मीच. तेव्हा ठरवायचं माझ्यावर आलं.

आम्ही राहतो आरवली आणि शिरोड्याच्या मधल्या पट्ट्यात. समुद्र घरातून दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते, आणि जिथवर गाज पोचते तिथवर खारा वाराही पोचतोच. इथे खिडकीच्या बिजागऱ्या, सायकलच्या चेन, पंपाचे नटबोल्ट, काहीच फार वर्षं टिकत नाही. त्यात या गाडीने दरवर्षी शिरोड्याच्या मिठागरांतून मीठ आणलं. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला तीच ही मिठागरं. आमच्याकडे माडांच्या आळ्यात खडेमीठ घालतात, त्यामुळे पोती लागतात. लोणच्याला आणि मासे खारवायला लागतं ते वेगळंच. दमट हवेत मिठाच्या पोत्याला पाणी सुटतं. ते पाणी मागच्या रबरी मॅटखाली उतरायचं आणि तिथेच राहायचं. मॅट उचलली तेव्हा तांबडा डाग नेमका पोती रचायच्या जागेवर निघाला, चाकाच्या घुमटापासून थेट मधल्या सीटच्या बोल्टपर्यंत.

मीठ इतकं नुकसान का करतं, हे मी मुद्दाम समजून घेतलं, कारण दुरुस्ती करायची तर शत्रू माहीत पाहिजे. गंजायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढं पुरतं. पण गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून सगळं वेगाने होतं. वरून मीठ हवेतली ओल ओढून घेतं. गाडी शेडमध्ये कोरडी उभी दिसते, पण पत्र्याच्या घड्यांमध्ये ओल असतेच. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं तिथे तो आतून फुगतो आणि जोड उघडतो. म्हणजे बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं काम कधीच सुरू झालेलं असतं. फोड घासून वर रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे.

गावात पत्र्याचं काम करणारे एक जुने मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी खड्ड्यावर घेतली आणि मीही खाली उतरले. खरं सांगते, विकायची की ठेवायची याचा निर्णय त्या खड्ड्यात झाला, कागदावरच्या हिशेबात नाही. मेस्त्रींनी हातात छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या चाकापासून ठोकत मागे निघाले. घट्ट पत्रा टणक वाजतो. कुजलेला बद्द वाजतो, आणि तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून जरा दाबलं की तांबड्या खपल्या डोळ्यांवर पडतात. ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग बरा निघाला. डाव्या दाराखालची पट्टी संपलेली. मागच्या फरशीत तीन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर आरपार.

पण ते काय शोधत होते ते मला हळूहळू कळलं. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. फरशीखालून लांबच्या लांब दोन पेटीसारखे पट्टे जातात. मेस्त्री त्यांना चॅनेल म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. त्यांच्याइतक्याच महत्त्वाच्या जागा म्हणजे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ज्यांना लटकतात ते हँगर, पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतात त्या वाट्या, सीटबेल्टचे बोल्ट आणि स्टिअरिंगच्या रॅकची बैठक. फरशी कापून नवी घालता येते, दाराखालची पट्टी बनवता येते. चॅनेल मधोमध खाल्लेला असेल तर ती गाडी रस्त्यावर ठेवू नये.

मेस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "वयनी, पत्रो गेलो हा, पण हाडां घट आसत. एक सोडून."

ते एक म्हणजे डाव्या बाजूचा मागच्या पाट्याचा पुढचा हँगर, बरोबर मिठाच्या पोत्यांच्या खाली. तिथला गंज त्यांनी माझ्यासमोर छिन्नीने उतरवला. खपल्यांचा थर निघत गेला, निघतच गेला, आणि शेवटी राखाडी धातू दिसला. हँगर शाबूत होता. तो ज्या पत्र्याला जोडलेला आहे त्याची कड पातळ झाली होती, चॅनेलला मात्र भोक नव्हतं. जाड पट्टी मागून घालून वेल्डिंग केलं तर चालेल, असं त्यांचं मत पडलं. मी दुसऱ्या गॅरेजमध्येही दाखवलं, आणि तिथेही तेच सांगितलं. दोघांचं जुळलं नसतं तर मी पुढे गेले नसते.

तरीही विकायचा पर्याय नीट तपासला, नवऱ्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. एका एजंटाने चाळीस हजार सांगितले आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ नि ३० वर नुसत्या सह्या करून द्या म्हणाला, "बाकी मी बघतो." खरेदीदाराचं नाव कोरं. हा प्रकार सगळीकडे चालतो आणि मला तो अजिबात मान्य नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. कुजक्या फरशीची गाडी कोऱ्या फॉर्मवर कोणाच्या तरी हातात द्यायची आणि रात्री झोपायचं, हे मला जमणारं नव्हतं.

भंगारवाल्याने सतरा हजार सांगितले. ओम्नीचं वजन आठशे किलोच्या आत-बाहेर, त्या मानाने भाव वाईट नव्हता. पण त्याला गाडी दिली की आरसी रद्द करून घेणं आपल्यावरच राहतं. केंद्राच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर साधारण नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळतात, आणि जे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं, करातही सूट मिळते. नवी घ्यायचीच असेल तर हा रस्ता सर्वांत स्वच्छ. आमचं नवी घ्यायचं ठरलं नव्हतं.

तिसरं गिऱ्हाईक आलं आणि माझ्यापुरता एक प्रश्न सुटला. पलीकडच्या गावातला एक तरुण मुलगा, वागायला सरळ. त्याला शाळेची मुलं न्या-आणायला गाडी हवी होती. पंचेचाळीस द्यायला तयार होता. मागची मॅट उचलून मी त्याला फरशी दाखवली. तो म्हणाला, वर प्लायवूड टाकतो. मुलं पाय ठेवणार त्या जागेवर प्लायवूड, आणि खाली पाट्याचा हँगर तसाच. मी त्याला तिथेच नाही म्हणून सांगितलं. मेस्त्रींच्या मदतनीसानेही आधी सुचवलं होतं, "लांबी भरून, रंग मारून दितंय, कोणाक कळाचां नाय." लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं होतं की ही गाडी आहे तशी कोणाला विकायची नाही. एक तर नीट दुरुस्त करून वापरायची, नाहीतर मोडीत द्यायची.

आता उरला हिशेब, २०२४ च्या दरांनी. फरशी, दाराखालच्या दोन्ही पट्ट्या, हँगरची बैठक आणि रंग मिळून मेस्त्रींनी चौतीस हजार सांगितले. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क पाच हजार. एप्रिल २०२२ पासून ते तेवढं झालं, त्याआधी सहाशे रुपये होतं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तीन हजार. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी. किरकोळ धरून पन्नास हजार होत होते.

लोक म्हणतात, गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडत असेल तर गाडी काढून टाकावी. मला हा नियम पटत नाही, कारण गाडी विकून हातात येणाऱ्या चाळीस हजारांत मला दुसरी गाडी मिळत नव्हती. मी तुलना अशी केली: न मिळालेले चाळीस आणि घातलेले पन्नास मिळून नव्वद हजार, नूतनीकरण पाच वर्षांचं, म्हणजे वर्षाला अठरा हजार. समोर मारुतीचीच नवी इको व्हॅन, शोरूम किंमतच तेव्हा सव्वापाच लाखांच्या पुढे, रस्त्यावर येईपर्यंत सहाच्या वर. जुनी इको घेतली तर ती कोणत्या किनाऱ्यावर उभी होती, तिच्या मॅटखाली काय आहे, हे पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

आणि घराकडे येणारी अरुंद वाट, आमची पाणंद. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये फणसाकडे काटकोनात वळण. गडगे भावकीचे, त्यांना हात लावायचा विषयच नाही. ओम्नी १,४१० मिलिमीटर रुंद, इको १,४७५. एवढ्याने अडलं नसतं. पण इको लांबीलाही एक फुटाने जास्त आहे, आणि वळणावर खरा प्रश्न लांबीचा. एका ओळखीच्यांची इको आणून प्रत्यक्ष फिरवून पाहिली. ती निघाली, पण पुढे-मागे करत, आणि डावा आरसा मिटून. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांना पाणंदीच्या तोंडापर्यंत चालवत नेणं शक्य नाही, गाडी पडवीपर्यंत यायलाच हवी. ओम्नीचं सरकतं दार उघडलं की फरशी बेताच्या उंचीवर, ते आधी टेकतात, मग पाय आत घेतात. पावसात, रात्री-अपरात्री, दवाखान्यात जाताना याची किंमत कोणत्या तक्त्यात मांडायची?

एक गोष्ट मात्र दुरुस्तीने बदलणार नव्हती. ओम्नी अपघातात सुरक्षित गाडी नाही. चालवणाऱ्याचे पाय जवळजवळ पुढच्या पत्र्याला लागलेले, पुढे इंजिनाचा आडोसा नाही, कारण ७९६ सीसीचं ते इंजिन सीटखाली. एअरबॅग नाही. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा २०१९ मध्ये मारुतीने तिचं उत्पादनच थांबवलं. म्हणून ठेवायची तर कुठे चालवायची हेही ठरवलं: शिरोडा, वेंगुर्ला, फार तर सावंतवाडी. महामार्गाने लांबचा प्रवास नाही. मुंबईला रेल्वे आहे, कोल्हापूरला एसटी आहे. नवऱ्याने ही अट घातली आणि मग दुरुस्तीला होकार दिला. त्याची अट योग्य होती.

काम शिमग्यानंतर सुरू झालं. त्याआधी मेस्त्रींचा माणूस मिळणं शक्य नव्हतं, आणि उशीर करणंही परवडणारं नव्हतं. एप्रिलपासून आंब्याच्या पेट्या सुरू होतात, मेच्या शेवटी हवा इतकी दमट होते की रंग नीट बसत नाही. मेस्त्रींशी मी आधीच बोलून घेतलं: गंजावर लांबी भरायची नाही, घट्ट पत्रा लागेपर्यंत कापायचं, वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे विजेच्या ठिणगीचं हवं, गॅसच्या ज्योतीचं नको. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा लांबवर तापतो, वाकतो, आणि आजूबाजूचा रंग जळून नवा गंज तिथूनच धरतो. ते स्वतःही याच मताचे होते, फक्त पैसे वाचवायला सांगणारी गिऱ्हाइकं जास्त, असं म्हणाले.

आधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, सीटा बाहेर. ग्राइंडर लागला आणि मागची फरशी तुकड्यातुकड्याने खाली आली. चाकाच्या घुमटाची आतली बाजू तेव्हाच दिसली. तिथेही तळहाताएवढा भाग गेलेला. खर्च सहा हजारांनी वाढला. अशा कामात सांगितलेल्या आकड्यावर थोडं जास्त बाजूला ठेवावंच, पत्रा उघडल्याशिवाय मेस्त्रीलाही पूर्ण दिसत नाही. फरशीला अठरा गेजचा पत्रा घातला. हँगरच्या मागे जाड पट्टी आली, आणि ते वेल्डिंग मेस्त्रींनी मदतनीसाला करू दिलं नाही, स्वतः केलं. शेजारी ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली भरून ठेवलेली.

दाराखालच्या पट्ट्या आतून पोकळ असतात आणि त्यांना तळाशी पाणी जायला भोकं असतात. आमची सगळी भोकं तांबड्या मातीने बुजली होती. नवी पट्टी बसवताना ती भोकं ठेवायला लावली, आणि वेल्डिंग थंड झाल्यावर त्यातूनच आत मेणासारखं गंजरोधक फवारलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला प्रायमर जळतो, त्यामुळे हे नंतरच करावं लागतं. बाहेरून रेड ऑक्साइड, सांध्यांना सीलर, मग खालून रबरी कोटिंग. कोटिंग सगळ्यात शेवटी, स्वच्छ धातूवरच्या प्रायमरवर. आमच्याकडे गंजलेल्या गाडीला थेट डांबरी कोटिंग मारून घेतात. त्याने ओल आत कोंडते आणि पत्रा वरून काळा कुळकुळीत दिसत आतून सडत राहतो.

आरटीओचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. फॉर्म २५, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत भरता येतो, त्यामुळे मुदत उलटू देऊन महिन्याला पाचशेचा भुर्दंड घ्यायचं कारण नाही. पीयूसी, विमा, थकलेलं चलन नसणं, एवढं आधी बघून ठेवलं. खरी मेहनत चेसिस नंबरच्या पेन्सिल प्रिंटला लागली. कोरलेल्या जागेवर गंजाची साय धरली होती. मेस्त्रींना तिथे ग्राइंडर लावू नका म्हणून बजावलं होतं, नंबर घासला गेला तर गाडीची ओळखच जाते. रॉकेल लावून जुन्या टूथब्रशने घासलं, पुसलं, कागद ठेवून पेन्सिल फिरवली. एक आकडा तीन की आठ, कळेना. पुन्हा घासलं, मऊ पेन्सिल घेतली, तेव्हा आठ स्पष्ट उमटला. पहाटे आंब्याच्या पेट्या रवाना करून ओरोसच्या आरटीओत गेलो. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघितले, खाली वाकून फरशी बघितली, कोणाकडे काम केलंत ते विचारलं. २०२९ पर्यंतची मुदत मिळाली. नंतर २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली, चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, तीही लावून घेतली.

आता मिठाची पोती प्लास्टिकच्या मोठ्या टबात ठेवून आणतो, आणि पोती उतरवली की त्याच दिवशी फरशी गोड्या पाण्याने धुऊन दारं उघडी ठेवते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पाइप खाली घालून चाकांचे घुमट धुते. चिखल राहिला की ओल राहते. दारांची भोकं काडीने मोकळी करायचं काम मुलाकडे आहे. उजव्या मागच्या खांबाला एक फोड आलाय, तो या दिवाळीनंतर कापून घ्यायचा आहे. शाळेच्या मुलांसाठी गाडी शोधणारा तो मुलगा पुढे दुसरी ओम्नी बघायला गेला, तेव्हा मेस्त्रींना बरोबर घेऊन गेला.

२०२९ मध्ये गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनांचं नूतनीकरण शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार केलं आहे, आणि तोवर आणखी वाढलेलं असू शकतं. पैसे भरायच्या आधी गाडी पुन्हा खड्ड्यावर घेणार, आणि ठोकायला सुरुवात डाव्या हँगरपासून करणार. तिथला पत्रा बद्द वाजला तर दुसऱ्या कोणाला न विकता तिला नोंदणीकृत केंद्रात मोडीत द्यायचं, हे आम्ही दोघांनी आत्ताच ठरवून ठेवलंय.